घरकर्जावरची करसवलत : कुणाला, किती आणि केव्हा

कर्ज काढून घेतलेल्या घरावर प्राप्तिकरात मिळणारी सवलत मुख्यतः दोन वजावटींतून येते. हप्त्यातला व्याजाचा भाग प्राप्तिकर कायद्याच्या कलम २४(बी) खाली वजा होतो, तर मुद्दलाचा भाग कलम ८०सी खाली. ठरावीक वर्षांत कर्ज मंजूर झालेल्यांना व्याजावर आणखी एक जादा वजावट मिळते. हे आकडे पगारदारांच्या तोंडपाठ असतात, पण त्यांमागच्या अटींकडे सहसा दुर्लक्ष होते. करारनाम्यावर कुणाचे नाव आहे, कर्ज कुणाच्या नावावर आहे, हप्ता कुणाच्या खात्यातून जातो आणि ताबा कधी मिळतो, या चार गोष्टींवर सवलत मिळणार की नाही हे ठरते. यांतल्या बहुतेक गोष्टी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सही होण्याआधीच पक्क्या झालेल्या असतात. त्यामुळे कराचा हिशेब विवरणपत्र भरताना न करता घर ठरवतानाच करायला हवा.

वजावट म्हणजे करातली थेट सूट नव्हे. वजावटीने करपात्र उत्पन्न कमी होते आणि कर कमी होतो तो त्या उत्पन्नावर लागू असलेल्या दराने. दोन लाखांच्या वजावटीमुळे ३० टक्के दराच्या करदात्याचे उपकरासह ६२,४०० रुपये वाचतात आणि २० टक्के दराच्या करदात्याचे ४१,६००. ज्याला मुळात कर लागतच नाही, त्याचे या वजावटीने काहीच वाचत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाला आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. घराच्या उत्पन्नातील वजावटी कलम २२ मध्ये गेल्या आहेत आणि जुन्या ८०सी ची जागा कलम १२३ ने घेतली आहे. सवलतींचा मूळ ढाचा मात्र कायम आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे विवरणपत्र जुन्या कायद्यानुसारच भरायचे असल्याने आणि बँका, कार्यालये व करसल्लागार यांच्या बोलण्यात जुनेच क्रमांक असल्याने या लेखातही तेच वापरले आहेत. खालील हिशेब २०२५-२६ च्या दरांवर केलेले आहेत.

पहिला प्रश्न करप्रणालीचा

२०२३-२४ पासून नवी करप्रणाली ही मूळ प्रणाली ठरली आहे. करदात्याने जुनी प्रणाली निवडली नाही, तर कर नव्या प्रणालीनेच आकारला जातो. नव्या प्रणालीत दर कमी आहेत, पण ८०सी ची वजावट नाही आणि स्वतः राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाचीही वजावट नाही. घरकर्जाचे नेहमीचे दोन्ही फायदे केवळ जुनी प्रणाली निवडणाऱ्यांसाठी उरले आहेत.

तेव्हा घरकर्ज आहे म्हणून जुनी प्रणाली फायद्याचीच असेल, असे गृहीत धरणे चुकीचे ठरते. वर्षाला १५ लाख रुपये पगार असलेल्या पुण्यातील एका नोकरदाराचा हिशेब पाहता येईल. जुन्या प्रणालीत त्याला ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट, २,५०० रुपये व्यवसाय कर, ८०सी चे पूर्ण १,५०,०००, आरोग्य विम्याच्या हप्त्याचे २५,००० आणि घरकर्जाच्या व्याजाचे पूर्ण २,००,००० अशी वजावट मिळते. करपात्र उत्पन्न उरते १०,७२,५०० रुपये आणि उपकरासह कर होतो १,३९,६२०. नव्या प्रणालीत यांपैकी काहीच मिळत नाही. फक्त ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न १४,२५,००० राहते, तरीही उपकरासह कर होतो ९७,५००. सगळ्या वजावटी काठोकाठ वापरूनही जुन्या प्रणालीत ४२,१२० रुपये जास्त भरावे लागतात.

१५ लाख पगारावर जुनी प्रणाली बरोबरीला यायची असेल, तर प्रमाणित वजावट सोडून आणखी सुमारे ५ लाख ४४ हजारांच्या वजावटी लागतात. २५ लाख पगारावर हाच आकडा ८ लाखांपर्यंत जातो. घरकर्जाचे व्याज आणि ८०सी मिळून जास्तीत जास्त साडेतीन लाख होतात. उरलेली दरी घरभाडे भत्ता, राष्ट्रीय पेन्शन योजना किंवा आरोग्य विमा यांनी भरून निघत असेल, तरच जुनी प्रणाली परवडते.

पगार १२,७५,००० रुपयांपर्यंत असेल आणि दुसरे उत्पन्न नसेल, तर नव्या प्रणालीत प्रमाणित वजावट आणि कलम ८७ए ची सूट मिळून कर शून्य होतो. अशा कुटुंबाने करसवलतीकडे पाहून कर्जाची रक्कम वाढवण्यात काहीही अर्थ नाही. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असलेल्या आणि देशात कुठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबासाठी प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० मधील व्याज अनुदान अधिक कामाचे आहे. ३५ लाखांपर्यंतचे घर आणि २५ लाखांपर्यंतचे कर्ज असल्यास त्यात पाच वार्षिक हप्त्यांत एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान कर्जखात्यात जमा होते. त्यासाठी कर भरत असण्याची अट नाही.

पगारदाराला दरवर्षी प्रणाली बदलता येते. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला मात्र जुनी प्रणाली निवडायची तर वेगळा अर्ज भरावा लागतो, आणि एकदा नव्या प्रणालीत परतल्यावर व्यवसायाचे उत्पन्न आहे तोवर पुन्हा जुन्यात जाता येत नाही.

व्याजाची वजावट : स्वतः राहते घर

जुन्या प्रणालीत स्वतः राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत मिळते. ही मर्यादा २०१४-१५ पासून बदललेली नाही. कर्ज १ एप्रिल १९९९ नंतर घेतलेले असावे, ते घर विकत घेण्यासाठी किंवा बांधण्यासाठी असावे आणि ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतले त्याच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत खरेदी वा बांधकाम पूर्ण झालेले असावे, अशा तिच्या अटी आहेत. या अटी पुऱ्या झाल्या नाहीत, तर मर्यादा थेट ३०,००० रुपयांवर येते. घराच्या दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी घेतलेल्या कर्जालाही ३०,००० चीच मर्यादा आहे आणि ही रक्कम एकूण २ लाखांच्या आतच धरली जाते.

हे व्याज देय तत्त्वावर मोजतात. मार्चचा हप्ता चुकून एप्रिलमध्ये गेला, तरी मार्चचे व्याज त्याच आर्थिक वर्षात धरता येते. मात्र थकलेल्या व्याजावर बँकेने लावलेले व्याज आणि दंड यांची वजावट मिळत नाही.

व्याजाच्या वजावटीसाठी कर्ज बँकेकडूनच घेतलेले असावे, अशी अट नाही. भाऊ, मित्र किंवा नियोक्ता यांच्याकडून घेतलेल्या कर्जावरील व्याजही चालते. त्यासाठी पैसे देणाऱ्याचे व्याजाचे प्रमाणपत्र हवे आणि त्याने ते व्याज आपल्या उत्पन्नात दाखवायला हवे.

एखाद्याची दोन घरे असतील, तर दोन्ही स्वतः राहती म्हणून दाखवता येतात. एक पुण्यात आणि दुसरे गावी असले, तरी गावच्या घरावर काल्पनिक भाडे मोजले जात नाही. मात्र दोन्ही घरांचे व्याज मिळून मर्यादा २ लाखांचीच राहते. तिसरे घर रिकामे असले, तरी भाड्याने दिलेले मानले जाते आणि त्याच्या अपेक्षित भाड्यावर कर लागतो.

मुद्दल, मुद्रांक शुल्क आणि ८०सी

वर्षभरात फेडलेल्या मुद्दलाची वजावट ८०सी खाली मिळते. पण या कलमाची १,५०,००० रुपयांची मर्यादा भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ, आयुर्विम्याचा हप्ता, मुलांचे शिक्षण शुल्क आणि करबचतीचे म्युच्युअल फंड या सगळ्यांसाठी मिळून आहे. मध्यम पगाराच्या नोकरदाराची निम्मीअधिक मर्यादा बऱ्याचदा भविष्य निर्वाह निधीतच संपते. त्यामुळे मुद्दलामुळे प्रत्यक्षात किती जादा वजावट मिळाली, हे मोजताना उरलेली जागाच पाहावी लागते.

येथे कर्ज कुणाकडून घेतले हे महत्त्वाचे ठरते. बँक, सहकारी बँक, गृहवित्त कंपनी, आयुर्विमा महामंडळ, केंद्र वा राज्य सरकार आणि कायद्यात नमूद केलेले काही नियोक्ते यांच्याकडून घेतलेल्या कर्जाचेच मुद्दल धरले जाते. नातेवाइकाकडून घेतलेल्या कर्जाचे व्याज चालते, पण मुद्दल चालत नाही. दुरुस्तीच्या कर्जाचे मुद्दलही यात बसत नाही. व्याज देय तत्त्वावर मोजले जात असले, तरी मुद्दल त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेले असावे लागते.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी हीसुद्धा ८०सी मध्ये येतात, पण फक्त ज्या वर्षी भरली त्याच वर्षी. पुण्यात ६५ लाखांच्या सदनिकेवर सात टक्क्यांनी ४,५५,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि ३०,००० रुपये नोंदणी फी भरावी लागते. यातले फार तर दीड लाख वजा होतात आणि उरलेली रक्कम पुढच्या वर्षी ओढता येत नाही. त्या वर्षी पीपीएफ किंवा करबचत फंडात केवळ वजावटीसाठी वेगळी गुंतवणूक करण्याची गरज नसते. तो पैसा घराच्या स्वतःच्या हिश्शासाठी वापरणे शहाणपणाचे.

दोन नावे, दोन मर्यादा

व्याजाची २ लाखांची आणि ८०सी ची दीड लाखाची मर्यादा घरामागे नसून प्रत्येक मालकामागे असते. पतिपत्नी दोघेही कमावते असतील आणि दोघेही जुन्या प्रणालीत असतील, तर या नियमाचा मोठा फायदा होतो.

साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतलेल्या ५० लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ४३,४०० रुपये येतो. पहिल्या वर्षात भरलेल्या ५ लाख २१ हजारांपैकी ४ लाख २१ हजार नुसते व्याज असते आणि मुद्दल फिटते जेमतेम १ लाख. कर्ज आणि घर एकाच्याच नावावर असेल, तर ४ लाख २१ हजारांपैकी २ लाखच वजा होतात. दोघांची निम्मी निम्मी मालकी असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला २ लाख १० हजार व्याज येते आणि दोघे मिळून ४ लाख वजा करू शकतात.

त्यासाठी दोघांनीही एकाच वेळी सहमालक आणि सहकर्जदार असावे लागते. करारनाम्यावर नाव आहे पण कर्जात नाही, किंवा कर्जात नाव आहे पण करारनाम्यात नाही, अशा व्यक्तीला वजावट मिळत नाही. शिवाय वजावट घेणाऱ्या प्रत्येकाने हप्त्याचा आपला वाटाही स्वतःच्या उत्पन्नातून भरायला हवा. दोघांनी आपापल्या खात्यांतून संयुक्त खात्यात ठरलेली रक्कम टाकावी आणि हप्ता तेथून जावा, ही व्यवस्था पुढे पुराव्यालाही सोपी पडते. मालकीतील आणि कर्जातील हिस्से किती, हे करारनाम्यातच लिहून घ्यावे किंवा साध्या कागदावर दोघांच्या सह्यांनी नोंदवून ठेवावे.

घर वडिलांच्या नावावर आणि हप्ता मुलगा भरतो, असे चित्र अनेक कुटुंबांत दिसते. बँकेने मुलाला सहकर्जदार केलेले असते, हप्ता त्याच्या पगारातून कापला जातो आणि व्याजाचे प्रमाणपत्रही त्याच्या नावाने येते. तरीही मालकीत नाव नसल्यामुळे त्याला वजावट मिळत नाही. वडील निवृत्त आणि करमुक्त असतील, तर ही सवलत घरात कुणालाच मिळत नाही.

महिलेच्या नावाने खरेदी

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून महिलेच्या नावाने होणाऱ्या निवासी घराच्या खरेदीवर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सर्व खरेदीदार महिला असल्या, तरच ती मिळते. पतिपत्नींच्या संयुक्त नावावर मिळत नाही. वरच्या ६५ लाखांच्या घरावर ही सवलत ६५,००० रुपयांची होते.

घर एकट्या पत्नीच्या नावावर घेतले आणि हप्ता पती भरणार असेल, तर पतीला व्याजाची किंवा मुद्दलाची वजावट मिळणार नाही. जुनी प्रणाली ज्याला खरोखर फायद्याची आहे, त्याच्यासाठी एकदाच मिळणाऱ्या ६५,००० रुपयांपेक्षा दरवर्षीची वजावट मोठी असते. पण पती नव्या प्रणालीतच राहणार असेल, तर राहत्या घरावर त्याला तशीही वजावट मिळत नसते आणि तेव्हा मुद्रांक शुल्कातली बचत सोडण्याचे कारण उरत नाही. पतीच्या पैशातून पत्नीच्या नावावर घेतलेले घर पुढे भाड्याने दिले, तर ते भाडे पतीच्या उत्पन्नात मिळवले जाऊ शकते, हे लक्षात ठेवावे. पत्नीच्या हक्काचे छप्पर हा या निर्णयातला कराहून मोठा विचार आहे. तो आधी व्हावा आणि आकडेमोड नंतर.

बांधकाम सुरू असलेले घर

इमारत उभी राहत असतानाच हप्ते किंवा नुसते व्याज सुरू होते, पण वजावट मात्र घर पूर्ण होऊन ताबा मिळेपर्यंत मिळत नाही. त्या काळातले व्याज वाया जात नाही. ते एकत्र करून, बांधकाम ज्या वर्षी पूर्ण झाले त्या वर्षापासून पाच समान हप्त्यांत वजा करता येते. मुद्दलाच्या बाबतीत अशी सोय नाही. ताब्याआधी फेडलेल्या मुद्दलाची वजावट साधारणपणे मिळत नाही आणि ती पुढेही ओढता येत नाही.

समजा, कर्ज जून २०२२ मध्ये घेतले आणि ताबा नोव्हेंबर २०२५ मध्ये मिळाला. बांधकामपूर्व काळ जून २०२२ पासून ३१ मार्च २०२५ पर्यंतचा धरला जातो. या काळात ६ लाख रुपये व्याज भरले असेल, तर २०२५-२६ ते २०२९-३० या पाच वर्षांत दरवर्षी १,२०,००० रुपये धरता येतात. एप्रिल २०२५ पासूनचे व्याज त्या वर्षाचे चालू व्याज म्हणून वेगळे मोजले जाते. मात्र घर स्वतः राहते असेल, तर चालू आणि जुने व्याज मिळून मर्यादा २ लाखांचीच असते. मोठ्या कर्जात चालू व्याजानेच ती भरते आणि बांधकामपूर्व व्याज कागदावरच राहते. घर दोघांच्या नावावर असेल किंवा भाड्याने दिलेले असेल, तेव्हाच या पाच हप्त्यांचा खरा उपयोग होतो.

वरच्या उदाहरणात पाच वर्षांची मुदत ३१ मार्च २०२८ ला संपते. बिल्डरने त्यानंतर ताबा दिला असता, तर राहत्या घरावरची मर्यादा कायमची ३०,००० झाली असती. विलंबात खरेदीदाराचा दोष नसला, तरी कायद्यात वेगळी सूट नाही. म्हणून महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण होण्याची जाहीर तारीख, तिला मिळालेल्या मुदतवाढी आणि आपल्या कर्जाचे वर्ष ही तिन्ही आधीच जुळवून पाहावीत. ताब्याचा पुरावा म्हणून भोगवटा प्रमाणपत्र आणि ताबापत्र जपून ठेवावे.

नुसत्या प्लॉटसाठी घेतलेल्या कर्जावर या वजावटी मिळत नाहीत. त्यावर घर बांधून पूर्ण झाले, की मगच कर्जाचा विचार होतो.

भाड्याने दिलेले घर

भाड्याने दिलेल्या घराच्या व्याजावर २ लाखांची मर्यादा नाही. वर्षाच्या भाड्यातून मालकाने प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा करायचा, उरलेल्या रकमेच्या ३० टक्के प्रमाणित वजावट घ्यायची आणि मग पूर्ण व्याज वजा करायचे. गृहनिर्माण संस्थेचे मासिक देखभाल शुल्क किंवा रंगकामाचा खर्च वेगळा धरता येत नाही. तो त्या ३० टक्क्यांतच आला, असे कायदा मानतो.

दरमहा २५,००० भाड्याप्रमाणे वर्षाचे ३,००,००० रुपये येतात. मालमत्ता कर १२,००० वजा जाता उरतात २,८८,०००. त्याचे ३० टक्के म्हणजे ८६,४०० वजा केल्यावर २,०१,६०० राहतात. व्याज ४,२१,००० असेल, तर घराच्या उत्पन्नात २,१९,४०० रुपयांचा तोटा दिसतो. जुन्या प्रणालीत त्यातले २ लाख त्याच वर्षी पगारातून किंवा इतर उत्पन्नातून वजा होतात आणि उरलेले १९,४०० पुढच्या आठ वर्षांत केवळ घराच्या उत्पन्नातून वजा करता येतात.

नव्या प्रणालीतही भाड्याच्या घराचे व्याज वजा करता येते. राहत्या घराच्या आणि भाड्याच्या घराच्या बाबतीत हा मोठा फरक आहे. वरच्या उदाहरणात २,०१,६०० रुपयांच्या भाड्याच्या उत्पन्नावर करच लागत नाही. फक्त त्यापुढचा तोटा पगारातून वजा होत नाही. त्यामुळे नव्या प्रणालीतील करदात्याने भाडे जाहीर करताना व्याजाची वजावट सोडून देऊ नये.

परदेशात नोकरी करणाऱ्या आणि महाराष्ट्रात घर भाड्याने दिलेल्या अनिवासी भारतीयांनाही ३० टक्के वजावट आणि व्याजाची वजावट मिळते. मात्र त्यांना भाडे देणाऱ्या भाडेकरूवर करकपातीची जबाबदारी असते.

घरभाडे भत्ता आणि घरकर्ज एकत्र

एकाच वर्षी घरभाडे भत्त्याची सूट आणि घरकर्जाची वजावट अशी दोन्ही घेता येतात, जर राहणे भाड्याच्या घरात असेल आणि स्वतःचे घर वेगळे असेल. मुंबईत नोकरी, तिथेच भाड्याची जागा आणि कर्ज काढून नाशिकला घेतलेल्या घरात आईवडील राहतात, हे याचे सरळ उदाहरण.

आधीच्याच १५ लाख पगाराच्या हिशेबात ही भर घालून पाहता येते. मूळ वेतन साडेसात लाख, दरमहा भाडे ३१,२५० आणि मिळणारा भत्ता किमान ३ लाख असेल, तर वर्षाच्या ३,७५,००० भाड्यातून मूळ वेतनाचे दहा टक्के म्हणजे ७५,००० वजा जाऊन ३,००,००० रुपये करमुक्त होतात. आता जुन्या प्रणालीतील करपात्र उत्पन्न ७,७२,५०० वर येते आणि उपकरासह कर ६९,६८० होतो. नव्या प्रणालीतील ९७,५०० पेक्षा तो २७,८२० रुपयांनी कमी आहे. घरकर्जाने एकट्याने जे साधले नव्हते, ते घरभाडे भत्त्याच्या जोडीने साधते.

स्वतःचे घर त्याच शहरात असूनही भाड्याने राहायचे असेल, तर नोकरीच्या ठिकाणाचे अंतर किंवा मुलांची शाळा यांसारखे खरे कारण आणि बँकेतून भाडे दिल्याचा पुरावा हवा. वर्षाचे भाडे १ लाखाहून अधिक असेल, तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो.

ठरावीक वर्षांच्या कर्जांना जादा वजावट

१ एप्रिल २०१६ ते ३१ मार्च २०१७ या काळात मंजूर झालेल्या, ३५ लाखांपर्यंतच्या कर्जावर आणि ५० लाखांपर्यंतच्या पहिल्या घरावर कलम ८०ईई खाली व्याजाची ५०,००० रुपये जादा वजावट मिळते. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेल्या कर्जावर, घराचे मुद्रांक मूल्य ४५ लाखांपर्यंत असेल आणि मंजुरीच्या दिवशी दुसरे घर नसेल, तर कलम ८०ईईए खाली दीड लाखापर्यंत जादा वजावट आहे. नव्या कर्जांसाठी ही दारे बंद झाली आहेत, पण त्या काळात कर्ज मंजूर झालेल्यांना कर्ज फिटेपर्यंत दरवर्षी जुन्या प्रणालीत हा हक्क आहे. आधी २ लाखांची मर्यादा भरायची आणि त्यावरचे व्याज या कलमांत दाखवायचे, असा क्रम असतो.

मुदतपूर्व फेड, कर्ज हलवणे आणि टॉप-अप

करसवलत जाईल म्हणून कर्ज लवकर फेडू नये, असा सल्ला सर्रास दिला जातो. राहत्या घराच्या बाबतीत तो तपासून घ्यावा. एकट्याच्या नावावरच्या ५० लाखांच्या कर्जात पहिल्या वर्षी ४ लाख २१ हजार व्याज जाते आणि वजावट मिळते २ लाखांची. वरच्या २ लाख २१ हजारांवर कोणतीही सवलत नाही. वर्षाचे व्याज २ लाखांवर येईपर्यंत कितीही मुद्दल फेडले, तरी व्याजाच्या वजावटीत एक रुपयाही कमी होत नाही. नव्या प्रणालीतील करदात्याला तर फेड थांबवण्याचे कराचे कारणच नाही. व्याज २ लाखांवर आल्यानंतरही ६२,४०० रुपये कर वाचवण्यासाठी २ लाख व्याज भरणे हा फायद्याचा व्यवहार ठरत नाही. ही फेड ८०सी च्या उरलेल्या मर्यादेतही धरता येते आणि बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही.

कमी व्याजासाठी कर्ज दुसऱ्या बँकेत नेले, तर व्याजाची वजावट चालू राहते, कारण नवे कर्ज जुने घरकर्ज फेडण्यासाठीच असते. टॉप-अप कर्जाचे मात्र तसे नाही. ती रक्कम लग्नासाठी किंवा गाडीसाठी वापरली, तर व्याजाची वजावट नाही. घराच्या दुरुस्तीला वापरली, तर राहत्या घरावर ३०,००० ची मर्यादा लागू होते आणि बिले जपून ठेवावी लागतात.

घर लवकर विकल्यास

ज्या आर्थिक वर्षात ताबा मिळाला, त्याच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत घर विकले, तर ८०सी खाली आतापर्यंत घेतलेली वजावट विक्रीच्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते. त्यात मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीचीही रक्कम येते. व्याजाची आधी घेतलेली वजावट मात्र परत घेतली जात नाही. भांडवली नफा काढताना वजावट घेतलेले व्याज घराच्या खरेदी किमतीत मिळवता येत नाही. ताबा डिसेंबर २०२५ मध्ये मिळाला असेल, तर ३१ मार्च २०३१ पर्यंत विक्री टाळणे हिताचे.

कागदपत्रे आणि विवरणपत्र

आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला बँक व्याज आणि मुद्दलाचे अंदाजी प्रमाणपत्र देते आणि मार्चनंतर अंतिम. कार्यालयात गुंतवणुकीचा पुरावा देताना अंदाजी प्रमाणपत्र चालते, पण विवरणपत्र अंतिम आकड्यांवरूनच भरावे. वर्षात व्याजदर बदलला असेल किंवा जादा फेड झाली असेल, तर दोन्हींत हजारोंचा फरक पडतो. कार्यालयाला द्यायच्या निवेदनात कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव आणि पॅन लागतो. २०२४-२५ च्या विवरणपत्रांपासून कर्जखात्याचा क्रमांक, मंजुरीची तारीख, मूळ रक्कम आणि शिल्लक रक्कमही विचारली जाते.

एका फाइलमध्ये नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स-२ चा उतारा, मुद्रांक शुल्क व नोंदणी फीच्या पावत्या, कर्जमंजुरीचे पत्र, भोगवटा प्रमाणपत्र, ताबापत्र आणि दरवर्षीची अंतिम प्रमाणपत्रे ठेवावीत. सहमालकांच्या हिश्शाची नोंद, घर भाड्याने असेल तर भाडेकरार आणि मालमत्ता कराच्या पावत्याही याच फाइलमध्ये असाव्यात.

कार्यालयात पुरावे वेळेवर दिले नाहीत आणि कर जास्त कापला गेला, तरी हक्क जात नाही. विवरणपत्रात वजावट दाखवून जास्तीचा कर परत मिळवता येतो. कार्यालयात नवी प्रणाली कळवलेल्या पगारदारालाही विवरणपत्र भरताना जुनी निवडता येते. त्यासाठी विवरणपत्र मुदतीत, म्हणजे पगारदारांसाठी साधारणपणे ३१ जुलैपर्यंत, भरलेले असावे लागते. मुदत उलटली, तर त्या वर्षाचा कर नव्या प्रणालीनेच मोजला जातो आणि राहत्या घराच्या व्याजाची व मुद्दलाची त्या वर्षाची वजावट जाते.